वसईहून ठाण्यात आल्यावर पॅरिशमध्ये रुळायला लागलेलं दीड वर्ष – माझा अनुभव

मी मूळची वसईची. लग्नानंतरही आम्ही दहा वर्षं तिकडेच होतो, मग ह्यांच्या नोकरीसाठी ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आलो. वसईत चर्चच्या कामात "सामील व्हायचं" असं काही नसतंच, आपण जन्मापासून त्यातच असतो, काका कॉयरमध्ये (गाणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये), आई सणाच्या आदल्या दिवशी चर्च झाडायला, आम्ही पोरं फुलं गोळा करायला, आणि सगळं मराठीत. ठाण्यात आल्यावर पहिल्यांदा कळलं की पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चच्या समाजात, सामील व्हायलाही एक प्रोसेस असते. ती कोणी नीट सांगत नाही म्हणून मी माझं जसं झालं तसं लिहितेय.

पहिले पाच-सहा महिने आम्ही रविवारी जायचो, मागच्या बाकावर बसायचो, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपली की घरी. कोणी वाईट वागलं असं अजिबात नाही, पण ओळखत कोणीच नव्हतं. इकडे बहुतेक मिस्सा इंग्लिशमध्ये, मराठी मिस्सा रविवारी एकच, तीही भल्या सकाळी, आणि आम्ही झोपेमुळे उशिराच्या इंग्लिश मिस्साला जायचो. इंग्लिश कळतं मला, ऑफिसात दिवसभर तेच असतं, पण प्रार्थना मनातून मराठीतच येते त्याला काय करणार. घरी येताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

मुलाच्या फर्स्ट कम्युनियनची (मिस्सात पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीची) चौकशी करायला ऑफिसात गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, तुम्ही रजिस्टर्ड आहात का? मला वाटलेलं दर रविवारी जातो म्हणजे झालोच की आपण इथले. तसं नसतं. फॅमिली फॉर्म भरायचा, सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, आणि आमच्याकडे जुन्या पॅरिशचं पत्रही मागितलं. वसई 1998 साली मुंबईपासून वेगळी होऊन स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा भाग) झाली आणि ठाणे मात्र मुंबईच्या महाधर्मप्रांतातच राहिलं, म्हणजे घर बदललं तसा आमचा बिशपही बदलला, हे मला तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. बाप्तिस्म्याची नोंद कायम जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चच्या रजिस्टरात राहते, त्यामुळे दाखल्यांसाठी एक शनिवार गावी गेला आणि येताना गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये जवळजवळ दोन तास. एवढं करून दिलेला फॉर्म ऑफिसात कुठेतरी गहाळ झाला, दोन महिन्यांनी विचारायला गेले तर नावच नाही. तेव्हा खूप वाईट वाटलं, रडूच आलं. परत भरला. यावेळी सगळ्याची झेरॉक्स ठेवली आणि फॉर्म घेतल्याची सही घेतली. तुम्हीही घ्या.

रजिस्ट्रेशन झाल्यावर मात्र आठवड्याभरात दारावर बेल वाजली. आमच्या भागाच्या लहान ख्रिस्ती समूहाच्या अ‍ॅनिमेटर आंटी, म्हणजे तो समूह चालवणाऱ्या बाई, आलेल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोठ्या पॅरिशमध्ये हजारो लोक असतात, फादर सगळ्यांपर्यंत पोचू शकत नाहीत, म्हणून आजूबाजूच्या बिल्डिंगमधल्या घरांचे असे छोटे समूह केलेले असतात, कोणाच्या तरी हॉलमध्ये जमायचं, बायबलमधला एक उतारा वाचायचा, त्यावर बोलायचं, कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली ते कळतं. ऑक्टोबरमध्ये रोज एकेका घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. माझं मत विचाराल तर नवीन माणसाने चर्चच्या कुठल्याही मिनिस्ट्रीच्या, म्हणजे सेवेच्या ग्रुपच्या, आधी इथेच जावं. ऑफिसातल्या नोटीस बोर्डवरून जे कळलं नाही ते मला त्या हॉलमध्ये चहा पिताना कळलं. आंटी मंगळूरच्या, मराठी त्यांचं मोडकंतोडकं, पण त्यांनी मला रोझरीनंतर मराठीत एक प्रार्थना म्हणायला लावली आणि म्हणाल्या, "तुझा आवाज चांगला हाय, तू चर्चमध्ये रीडिंग का नाय करते?" ते डोक्यात राहिलं.

पुढे एका रविवारी मिस्सा झाल्यावर कंपाउंडमध्ये सगळ्या ग्रुपांनी टेबलं मांडली होती. लेक्टर (मिस्सात बायबल वाचणारे), कॉयर, कॅटेकिझम (मुलांना धर्मशिक्षण), प्रार्थना आणि सेवा करणारा लिजन ऑफ मेरी, सेंट विन्सेंट दि पॉल सोसायटी, युथ, वुमेन्स सेल, फॅमिली सेल, मतदार यादी आणि वॉर्डाचे प्रश्न बघणारा सिव्हिक सेलसुद्धा. मी उत्साहात तीन ठिकाणी नाव दिलं आणि इथे माझी चूक झाली. कॉयरची प्रॅक्टिस गुरुवारी रात्री नऊला, मुलाचा अभ्यास, सकाळचा डबा, तिसऱ्या आठवड्यातच ओढाताण व्हायला लागली. न सांगता गायब व्हायचं नाही म्हणून कॉयरच्या सरांना भेटून स्पष्ट सांगितलं, ते काही रागावले नाहीत. म्हणून नाव द्यायच्या आधी दोनच गोष्टी विचारून घ्या, आठवड्यातून किती वेळ आणि कुठल्या वारी. लिजनमध्ये दर आठवड्याची मीटिंग आणि वर जोडीने जाऊन साधारण दोन तासांचं काम असतं, ते मला तेव्हा झेपलं नसतं. कॅटेकिझम शिकवायला आधी ट्रेनिंग घ्यावं लागतं. आणि कम्युनियन वाटायला मदत करणारे जे असतात त्यांचं नाव आपण आपलं देऊन होत नाही, फादर निवडतात, ट्रेनिंग होतं, वरून परवानगी येते.

लेक्टरसाठी दिलेल्या नावाचं दोन महिने काहीच झालं नाही. फोन नाही, मेसेज नाही. आपण मागच्या बाकावरचे, आपल्याला कोण विचारणार, असं मनात यायला लागलं. शेवटी मराठी मिस्सानंतर मी स्वतःच फादरांना गाठलं. ते म्हणाले, "बाई, मराठीत वाचणारी तीनच माणसं आहेत माझ्याकडे, तुम्ही आधी कुठे होता?" इंग्लिश मिस्साच्या यादीत माझं नाव गेलं होतं आणि तिथे आधीच भरपूर लोक. फॉर्मवर भाषेचा रकानाच नव्हता. तुम्हाला मराठीत सेवा करायची असेल तर तोंडाने सांगा, कागदावर अवलंबून राहू नका.

मग चार शनिवार ट्रेनिंग. मला वाटलं वाचायचंच तर आहे. पण लेक्टरला काय काय माहीत असावं लागतं ते तिथे कळलं. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, एका वर्षी मुख्यतः मत्तय, मग मार्क, मग लूक, आणि पहिलं वाचन बहुतेक वेळा त्या दिवशीच्या शुभवर्तमानाशी (येशूच्या जीवनाबद्दलच्या वाचनाशी) जुळणारं असतं, म्हणून आधी शुभवर्तमान वाचायचं आणि मग आपलं वाचन, म्हणजे जोर कुठे द्यायचा ते कळतं. शुभवर्तमान मात्र फादरच वाचतात. माईकपासून अंतर, वाक्य संपल्यावर थांबणं, मोबाइलवरून न वाचता पुस्तकातूनच वाचणं, आणि मिस्साच्या अर्धा तास आधी येऊन पान उघडून बघून ठेवणं. शिकवणारे काका रिटायर्ड शिक्षक, उच्चाराला फार कडक. "ण" आणि "न" वरून त्यांनी मला एक शनिवार पूर्ण घासलं आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

माझं पहिलं वाचन आलं पेंटेकॉस्टला. ईस्टरपासूनचा पन्नासावा दिवस, प्रेषितांवर (येशूच्या शिष्यांवर) पवित्र आत्मा उतरल्याचा सण, मे महिन्याचा घाम, चर्च भरलेलं, आणि वाचन बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातलं, ज्यात फ्रुगिया, पंफुलिया, कप्पदुकिया अशी सगळी नावं ओळीने येतात. आठवडाभर किचनमध्ये भाकरी थापताना मी ती नावं पाठ करत होते, मुलाला पण पाठ झाली. पण उभी राहून वाचायला लागल्यावर नावांचं काहीच वाटलं नाही. वाचन कशाबद्दल आहे तर यरुशलेममध्ये देशोदेशीचे लोक जमलेत आणि प्रत्येकाला प्रेषितांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकू येतंय. मला माझी आजी आठवली. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, फादरांची पाठ लोकांकडे, ती जपमाळ ओढत बसायची कारण कळायचं काहीच नाही. 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) लोकांच्या भाषेला परवानगी दिली तेव्हा कुठे हळूहळू मराठी आली. तिला कधीच मिळाली नाही ती जागा, आणि मी तिथे उभी राहून मराठीत वाचत होते. आवाज थोडा कापला शेवटी. खाली आले तर मागच्या बाकावरच्या एक आजी माझा हात धरून नुसत्या बसून राहिल्या.

तिसरं नाव विन्सेंट दि पॉल सोसायटीत दिलं होतं, ते या वर्षी सुरू केलं, आधी एक काम अंगवळणी पडू दिलं. ही सोसायटी 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर सुरू केली होती. काम साधं आहे, जोडीने गरजू घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, रेशन, औषधं, फी काय लागेल ते बघायचं, आणि कुठल्या धर्माचे हे बघायचं नाही. मीटिंगमध्ये एक कापडी पिशवी फिरते, त्यात प्रत्येकाने हात घालून काय टाकायचं ते टाकायचं, किती टाकलं कोणालाच दिसत नाही. मला ही पिशवी फार आवडते. पहिल्या भेटीला आम्ही एका डायलिसिसवर असलेल्या काकांकडे गेलो, मी पूर्ण वेळ गप्प होते, काय बोलावं सुचेना. बरोबरच्या ताई म्हणाल्या, पहिल्या वेळी गप्पच राहायचं असतं.

मराठी मिस्साला आता आम्ही सात वाचणारे आहोत, त्यातले दोघं कॉलेजचे. जे ठाण्यात नवीन आहेत आणि मागे बसून निघून जातात त्यांनी मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या (फादर मिस्साची तयारी करतात त्या खोलीच्या) दाराशी येऊन फक्त नाव सांगावं. पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये दोन रविवारचं दुसरं वाचन अजून रिकामं आहे.