पैलवान ते कोच, व्हाया पटियाला: माझा अनुभव

कुस्तीत ऑल इंडिया इंटरयुनिव्हर्सिटीचं, म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेचं, गोल्ड गळ्यात पडलं की गावात एकच प्रश्न सुरू होतो, आता महाराष्ट्र केसरी कधी? मलापण जत्रेत, लग्नात, एसटीत सगळीकडं हेच विचारायचे. आणि माझ्या डोक्यातपण तेच होतं, दुसरं काही नव्हतंच. हरियाणाच्या युनिव्हर्सिट्यांची पोरं कशी लढतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल की ७४ किलोला तिथून मेडल आणणं म्हणजे काय असतं. कोल्हापूरच्या लाल मातीत वाढलेलं पोरगं मॅटवर पॉइंटची कुस्ती जिंकून आलं म्हणून वस्तादांनी सगळ्या तालमीला पेढे वाटलेले.

पुढच्याच सीझनला उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशन झालं, फिजिओ झाला, परत मॅटवरपण आलो. पण एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव, काढायला गुडघा टेकवायचा म्हणलं की मन मागं यायचं, आणि पटाला जाताना मन मागं आलं की ती कुस्ती तिथंच संपते. इंटरयुनिव्हर्सिटीला २५ ची वयाची अट असते, ती पण जवळ आलेली. वडील म्हणाले पोलीस भरतीचं बघ. वस्ताद मात्र एका संध्याकाळी पोरांची लढत चालू असताना म्हणाले, "तुला कुस्ती दिसती रं, तू शिकव." कॉलेजचे क्रीडा शिक्षक म्हणाले शिकवायचं असेल तर एनआयएस, म्हणजे पटियालाचा कोचिंगचा डिप्लोमा, कर, त्याशिवाय कोच म्हणून सरकारी दारात कुणी उभं करत नाही. पूर्वी तालमीत मोठा झालेला पैलवान आपोआप वस्ताद व्हायचा, आता नोकरीच्या जाहिरातीत पहिली ओळच डिप्लोमाची असते.

एनआयएस म्हणजे पटियालाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ मध्ये सुरू झालेली, पटियालाच्या महाराजांच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात. आमच्या कोल्हापुरातपण मोतीबाग आहे, मोतीबाग तालीम, जिथं हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांनी कितीतरी पैलवान घडवले. तेवढ्या नावावरच मला परकं वाटायचं कमी झालं. ॲडमिशनला ग्रॅज्युएशनचं आणि खेळाचं सर्टिफिकेट लागतं, लेखी परीक्षा असते, फिटनेस आणि स्किलची टेस्ट असते. त्या टेस्टची मला भीती होती, पण गुडघ्याला पट्टी बांधून ती निघाली, जास्त घाम लेखीनं काढला.

तिथं फिजिओलॉजी, ॲनाटॉमी, बायोमेकॅनिक्स, सायकॉलॉजी असं सगळं शिकायचं, अर्धं हिंदीत अर्धं इंग्रजीत, आणि मी बीए मराठीवाला. पण एकदा लॅक्टिक ॲसिडचं लेक्चर झालं आणि मला माझ्याच कुस्त्या आठवायला लागल्या. तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, मधे ३० सेकंद विश्रांती, आणि दुसऱ्या राउंडला हात शिशासारखे जड का होतात ते पहिल्यांदा नीट कळलं. आपल्याकडं जोर-बैठकांवर पैलवान तयार होतो, त्यानं खांदा आणि दम जबरदस्त येतो, मी आजपण पोरांना जोर काढायला लावतोच, पण सहा मिनिटांच्या कुस्तीत स्फोटासारखी ताकद लागते आणि लगेच सावरून परत तीच लागते, त्याची तयारी वेगळी करावी लागते. जुनं ते सगळं चूक असं म्हणणारे काही जण तिथं भेटले, त्यांचं मला कधीच पटलं नाही.

सगळ्यात अवघड होती टीचिंग प्रॅक्टिस. समोर नवखी पोरं, हातात लेसन प्लॅन, विषय एकेरी पट. मी पट काढून दाखवला, सुंदर निघाला. सर म्हणाले आता सांग, पाय धरताना तुझं डोकं कुठं होतं, आतल्या बाजूला का बाहेरच्या? कंबर आधी खाली गेली का पाय आधी पुढं पडला? लहानपणापासून जो डाव हजारो वेळा मारला तो शब्दात कधी सांगितलाच नव्हता, अंग करायचं आणि मी बघायचो. तालमीत शिकवणं असंच चालतं, वस्ताद अंगावर घेऊन दाखवतात, पोरगं लढून लढून उचलतं. ज्याच्या अंगात कुस्ती आहे त्याला ते लगेच लागतं, पण ज्याला हळू समजतं ते पोरगं मागं पडतं आणि एक दिवस तालमीत यायचं बंद होतं, त्याला कुणी नालायक म्हणत नाही पण होतं तसंच. त्या रात्री होस्टेलवर बसून मी पट तोडून काढला, स्टान्स, कंबर खाली, पाऊल, डोकं, पकड, शेवट. मग बाकीचे डाव, ढाक, मग कलाजंग, मग भारंदाज. त्या वह्या अजून माझ्याकडं आहेत आणि रोजच्या वापरात आहेत.

माती आणि मॅट हा फरकपण तिथं नीट मांडून बघता आला. मैदानात निकाली कुस्ती, पाठ लागली की संपलं, घिस्सा घालून समोरच्याला खाली दाबून ठेवता येतं. मॅटवर थोडा वेळ काही झालं नाही की पंच उभं करतो, ताबा घेतला की २, बाहेर ढकललं की १, फ्रीस्टाइलला १० पॉइंटची आघाडी झाली की कुस्ती बंद. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा ते पहिल्यांदा मॅटवर लढले, तरी सहावे आले. तिथं त्यांना रीस गार्डनर नावाचा अमेरिकन कोच मिळाला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार दिले, आणि खाशाबांनी ब्राँझ आणलं. कॉलेजचा पैलवान, त्याच्या मागं कॉलेज उभं, आणि योग्य वेळी मॅटचं शिकवणारा माणूस, एवढं जुळलं की काय होतं ते आपल्या मातीनं दाखवलंय.

अमेरिकेत हे जुळवून आणायची सिस्टीमच आहे. डॅन गेबलबद्दल मी पटियालातच वाचलं. कॉलेजमध्ये एकच कुस्ती हरला, ती पण १९७० ची शेवटची फायनल, मग १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला एकही पॉइंट न देता गोल्ड, आणि नंतर आयोवा युनिव्हर्सिटीचा कोच म्हणून १५ वेळा टीमला चॅम्पियन केलं. मला मेडलपेक्षा ते कोचपद जास्त लागून राहिलं, कारण तिथं कुस्तीचा कोच ही युनिव्हर्सिटीतली मानाची जागा आहे. आपल्या बहुतेक कॉलेजात एकच क्रीडा शिक्षक कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बघतो, तो बिचारा कुस्तीला किती पुरणार?

डिप्लोमा घेऊन आलो तर नोकरी काय वाट बघत नव्हती. आधी वस्तादांच्याच तालमीत बिनपगारी, मग करारावर कोच म्हणून लागलो, करार दरवेळी नवा करायचा. पगार वेळेवर येतोच असं नाही, पण काम मनासारखं आहे.

वजनाच्या बाबतीत मी सगळ्यात कडक आहे. २०१८ पासून वजन आदल्या संध्याकाळी नाही, स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं, आणि स्पर्धा दोन दिवस चालली तर दुसऱ्या सकाळी परत. विनेश फोगाटचं २०२४ ला पॅरिसमध्ये फायनलच्या सकाळी १०० ग्रॅमसाठी काय झालं ते सगळ्या देशानं बघितलं, मी त्या दिवशी जेवलो नाही. शाळकरी पोरांचं वजन मी तोडू देत नाही, म्हणजे खालच्या गटासाठी घाईनं उतरवू देत नाही, पालक भांडले तरी. पोरगं वाढीला आलंय, त्याला वरच्या गटात लढवा, यंदा हरलं तर हरलं.

आता माझ्याकडं मुलीपण आहेत. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली, तेव्हापासून आया स्वतःहून विचारायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला, सर कान मोडणार का? मी खरं सांगतो, मोडू शकतो, कानाला गार्ड वापरू, सुजला तर लगेच डॉक्टरकडं नेऊ. काही जणी ऐकून परत जातात, बऱ्याच जणी दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन येतात.

ज्यांना एनआयएस करायचंय त्यांच्यासाठी एवढंच, स्पर्धेची ओरिजिनल सर्टिफिकेट लॅमिनेशन न करता जपून ठेवा, जाहिरातीतली अट ओळ न ओळ वाचा कारण ती बदलू शकते, फिटनेस टेस्टसाठी आधी तीन-चार महिने पळायला लागा. आणि जाण्याआधी तालमीतल्या बारक्या पोरांना एक डाव तोंडानं सांगून शिकवून बघा, हात न लावता.