मदरबोर्ड निवडताना बायोसने खाल्लेलं डोकं: माझा अनुभव

प्रोसेसर, कॅबिनेट, पॉवर सप्लाय पटापट ठरले. गाडी अडली ती एकाच प्रश्नावर: घेतलेला बोर्ड खोक्यातून काढल्याबरोबर माझा प्रोसेसर ओळखेल का?

रायझन ९६००एक्स हा प्रोसेसर आणि बी६५० चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) बोर्ड ही जोडी पैसा वसूल. पण बी६५० आला २०२२ मध्ये आणि ९६००एक्सची ९००० मालिका २०२४ मध्ये. सॉकेट दोन्हींचं एएम५, म्हणून प्रोसेसर बिनतक्रार बसतो. पण बोर्डातला बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, जुना असेल तर पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच. विक्रेत्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "नवा स्टॉक आहे, चालेल." अहो, बायोसचा आवृत्ती क्रमांक विचारतोय मी! तो कोणी सांगत नाही, आणि याचाच मला अजून राग आहे.

आता करायचं काय? कंपनीच्या साइटवर बोर्डाच्या पानावर सुसंगत प्रोसेसरांची यादी असते. आपल्या प्रोसेसरपुढे लिहिलेली बायोस आवृत्ती टिपून घ्या. खोक्यावर '९००० रेडी' असं स्टिकर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करणारं) बटण असलेलाच बोर्ड घ्या. त्या अपडेटला प्रोसेसर लागत नाही, रॅमही नाही. ते बटण नसेल तर अपडेटपुरता जुना प्रोसेसर उसना आणत बसा.

फ्लॅशबॅकसाठी पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा हवा. ३२ जीबीपर्यंतचा घ्या, त्याहून मोठा विंडोज सहसा फॅट३२ करू देत नाही. कंपनीच्या साइटवरून उतरवलेली बायोसची झिप उघडून आतली फाइल त्यावर टाका आणि मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव तिला अक्षरशः तसंच द्या. इथेच बहुतेकांचं फसतं. २४ पिनची आणि सीपीयूची ८ पिनची केबल लावा, सप्लाय चालू करा, पण कॉम्प्युटर सुरू करू नका. खूण असलेल्या यूएसबी पोर्टातच ड्राइव्ह लावून बटण काही सेकंद दाबा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज तोडू नका.

बाकी निवड सोपी. ६५ वॉटच्या प्रोसेसरला व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक, म्हणजे उष्णता खेचणारी धातूची पट्टी, असलेला साधा बोर्ड पुरतो. एक्स८७० या महागड्या चिपसेटच्या बोर्डांत यूएसबी४ सक्तीचं आहे; ते वापरणार नसाल तर जादा पैसे कशाला? एकच ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल तर मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा बोर्ड, घ्या. ए६२० या स्वस्त चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येत नाही, हे माहीत असू द्या.

हो, एक राहिलंच: काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट (छोट्या एसएसडीची जागा) वापरला की एखाददोन साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायची जागा) बंद पडतात. मॅन्युअलमधली तळटीप खरेदीआधीच वाचा, ते पीडीएफ फुकट मिळतं.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. पहिल्यांदा सुरू केल्यावर डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाशी जुळवून घेणं, चालतं, तेव्हाही पडदा काही मिनिटं काळाच राहतो. तो बायोसचा दोष समजून लगेच बटण दाबून बंद करू नका.