हो म्हणायच्या आधी

रविवार, रात्री उशिरा

आज उपासनेत लूकचा 14 वा अध्याय होता. बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशोब करा, नाहीतर नुसता पाया घालून काम अडकेल आणि बघणारे हसतील. पाळकसाहेब छान बोलले, पण घरी आल्यावरही ते वचन डोक्यातून जाईना, म्हणून लिहून काढायलोय.

आमच्या मंडळीत बहुतेक सगळे जन्मानेच ख्रिस्ती. आज्या-पणज्याने विश्वास धरला, आपल्याला पाळण्यात असतानाच बाप्तिस्मा मिळाला, मग संडेस्कूल, नाताळची नाटिका, लग्न पण चर्चमधेच. खर्च केला तो त्यांनी. इथे जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री ब्राह्मणाच्या घरातले, 1843 ला बाप्तिस्मा घेतला आणि घर तुटलं. त्यांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतचं प्रकरण तर कोर्टात गेलं, पोरगं लहान म्हणून आईबापाच्या ताब्यात दिलं आणि घरी आल्यावर पुन्हा त्याला जातीत घ्यायचं का नाही यावरून केवढा वाद झाला. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या, संसार दोन ठिकाणी झाला, त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायला 1900 साल उजाडलं. ही नाव असलेली माणसं. आमचा पणजा मांगवाड्यातला, त्याने काय सोसलं ते कुणीच लिहून ठेवलं नाही.

मग आपल्याला काय खर्च येतो? मला वाटतं आपल्याकडे तो खर्च कागदावर येतो, आणि याच्याबद्दल आपण चर्चमधे मोठ्याने बोलतच नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले, पुढे 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजपर्यंत बाहेरच. म्हणजे वाडा तोच, गावाची नजर तीच, पण दाखल्यावर ख्रिश्चन लिहिलं की एससीचं सर्टिफिकेट नाही, महाराष्ट्रात ओबीसीत बसायचं. त्यामुळे रविवारी चर्चमधे आणि कागदावर हिंदू अशी घरं आहेत, खूप आहेत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्याच्या पोराची फी भरायची आहे आणि घरात ऊसतोडीची उचल सोडून पैसा नाही, त्याला मी कोण सांगणार. कायदाच असा आहे की गरिबाला देव आणि पोराचं शिक्षण यातलं एक निवडावं लागतं, आणि हे चूक आहे, कितीही वेळा म्हणावं लागलं तरी म्हणेन.

पण माझ्या बापाने निवडलं होतं. माझा शाळेचा दाखला अजून कपाटात आहे, धर्म आणि जातीच्या रकान्यात निळ्या शाईने ख्रिश्चन लिहिलेलं, त्याच्या खाली थोडं खरडलेलं दिसतं, तिथे आधी दुसरं काहीतरी लिहून खोडलं होतं. गुरुजींनी आधी मांग लिहिलं, चांगल्या मनानेच, म्हणले पोराचं भलं होईल. दादा म्हणले, न्हाई गुरुजी, आमचा बाप्तिस्मा झालाय, तेच लिवा. पुढे माझं शिक्षण बारावीला थांबलं, मोंढ्यात आडतीवर हिशोब लिहायला लागलो. त्या निळ्या शाईचा राग यायचा मला, नंतर कधीतरी तो गेला आणि दादांच्या प्रार्थनेला वजन का होतं ते कळायला लागलं. ते जेवायच्या आधी दोनच वाक्यं बोलायचे, पण डोळे मिटले की समोर खरंच कुणीतरी आहे असं वाटायचं.

आता पोरगी दहावीत आहे. तिचं दृढीकरण यायलंय, बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवणार, लहानपणी तिच्या वतीने आम्ही दिलेली वचनं आता तिने स्वतःच्या तोंडाने घ्यायची. सोबतच्या पोरींचं ड्रेस आणि फोटोग्राफरचं ठरायलंय. हिने काल भाकरी खाता खाता विचारलं, पप्पा, एकदा हो म्हणलं की मग फॉर्मवर पण तेच लिहायचं ना? मैत्रिणीच्या घरी वेगळं सांगितलंय म्हणे.

मी लगेच बोललो नाही. हिला मेडिकलला जायचंय आणि एक-एक मार्क मोजला जातो हे मला माहितीये. मग तिला दादांचा दाखला, म्हणजे माझाच, काढून दाखवला आणि सगळं सांगितलं, काय गेलं ते पण सांगितलं, लपवलं नाही. माझ्यासाठी उत्तर हो आहे म्हणलं, जिथे विचारतील तिथे तेच लिहायचं, कर्ज काढावं लागलं तर मी काढीन. पण हे तुझ्या तोंडून जाणार आहे, माझ्या नाही.

ती म्हणली, मला विचार करू द्या. आई थोडी नाराज झाली, पत्रिकेत नाव छापायला द्यायचंय म्हणून. मला मात्र बरं वाटलं. उद्या दुकानातून येताना पाळकसाहेबांना भेटून सांगतो, हिचं नाव या वेळी यादीत घालायची घाई करू नका, ती स्वतः येऊन सांगेल.