‘फोटो स्पष्ट नाही’: कॉर्वेटच्या इंजिनाचा नंबर वाचताना

चौथ्यांदा तीच मेल आली तेव्हा मी गॅरेजमध्येच होतो, हात ग्रीसने माखलेले. ‘इंजिन पॅडचा फोटो स्पष्ट नाही. कृपया पुन्हा पाठवा.’ (पॅड म्हणजे इंजिनावरची नंबर ठोकलेली सपाट जागा.) मेलखाली कुणाचं नाव नाही, फोन नंबर नाही. जुन्या गाड्यांचा ठरलेल्या किमतीचा विमा करणारी कंपनी आहे ही. इंजिन मूळचं असेल तर किंमत एक, नसेल तर दुसरी, आणि दोन्हींत बराच फरक. त्यामुळे त्यांचा हट्ट समजत होता, पण राग यायचा तो आलाच.

गाडी 1969ची कॉर्वेट, शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार. 350 घन इंचाचं, 300 अश्वशक्तीचं इंजिन, चार गिअर, एसी. आम्ही डेट्रॉईटजवळ राहतो, हे इंजिन जुळवलं गेलं ते फ्लिंट इथून तासाभराच्या अंतरावर. विकणाऱ्याने छातीठोकपणे ‘मॅचिंग नंबर’, म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं, असं सांगितलं होतं. विकणारे सगळेच सांगतात.

मी आधी सोपं काम केलं. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या, मागच्या कडेला, ड्रायव्हरच्या बाजूला ओतीव नंबर असतो: 3970010. पलीकडच्या बाजूला ओतकामाची तारीख, ती आरसा आणि टॉर्च घेऊन वाचली: B 12 9. A म्हणजे जानेवारी, L म्हणजे डिसेंबर, म्हणून ही 12 फेब्रुवारी, आणि शेवटचा आकडा वर्षाचा. (आरशात अक्षरं उलटी दिसतात. आधी मोबाइलने फोटो काढा, मग तो डावं-उजवं पलटून वाचा. मी पहिल्या दिवशी डोळ्यांनी वाचत बसलो आणि मान आखडून घेतली.) झालं की काम, म्हणून मी फोटो पाठवून दिले.

नव्हतं झालं. हाच 010 ब्लॉक शेव्हरोलेने 1969 ते 1979 वापरला, कॉर्वेटमध्ये, कॅमेरोमध्ये, ट्रकमध्येसुद्धा. आणि तारखेत वर्षाचा एकच आकडा! माझा 9 एकोणसत्तरचाही असू शकतो आणि एकोणऐंशीचाही. खरी गोष्ट कळते ती पॅडवर. प्रवाशाच्या बाजूच्या हेडसमोर (हेड म्हणजे ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) ब्लॉकचा एक सपाट तुकडा बाहेर डोकावतो, दोन बोटांएवढा. त्यावर कारखान्यात ठोकलेले दोन नंबर असतात. एकात कारखाना, महिना-दिवस आणि इंजिनाचा प्रकार. दुसऱ्यात गाडीच्याच चेसिस नंबरातला भाग, 1969साठी 19S7ने सुरू होणारा. विंडशील्डच्या खांबावरच्या पट्टीवरच्या शेवटच्या सहा आकड्यांशी तो जुळला पाहिजे.

आता हा पॅड माझ्या गाडीत एसीच्या कॉम्प्रेसरखाली आणि त्याच्या ब्रॅकेटमागे. त्यावर पन्नास वर्षांची काजळी आणि वर कुणीतरी मारलेला नारिंगी रंग. पहिला फोटो: काळा डाग. दुसरा: फ्लॅशचा पांढरा डाग. तिसऱ्यासाठी कॉम्प्रेसरचे बोल्ट काढले, पाइप न सोडता त्याला बाजूला टेकवलं, ब्रेक क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश घेऊन रंग उतरवला. वायरचा ब्रश किंवा पॉलिश पेपर चुकूनही लावू नका. कारखान्यातल्या मशीनने पॅडवर पुढून मागे बारीक समांतर रेघा पाडलेल्या असतात. त्या पुसल्या की नंबर खरा असला तरी लोक म्हणतात, नंतर ठोकलाय. इंजिन उघडून ब्लॉक घासून घेतला असेल तर हे नंबर कायमचेच जातात, त्या भीतीने माझा जीव आठवडाभर टांगणीला होता.

तिसराही परत आला. चौथाही.

रविवारी सांगलीला बाबांशी फोनवर बोलताना मी ही सगळी रड सांगितली. ते म्हणाले, “अरे, मग चेसिस प्रिंट काढ ना! चेतक विकताना आपण आरटीओच्या एजंटकडून काढून घेतली नव्हती का?”

घेतली होती. पातळ कागद, वर पेन्सिल आडवी धरून हळूहळू घासायची, लहानपणी नाण्यावर करायचो तसं. पंधरा मिनिटांत कागदावर काळ्यात पांढरं उमटलं: V0304HY. V म्हणजे फ्लिंट, 4 मार्च, HY म्हणजे 300 अश्वशक्तीचं हाताने गिअर टाकायचं इंजिन. ब्लॉक ओतल्यापासून तीन आठवड्यांच्या आत इंजिन जुळवलेलं. खाली गाडीचा नंबर, शेवटचा आकडासुद्धा जुळणारा. गॅरेजमध्ये एकटाच ओरडलो.

कंपनीला कागद पाठवला, तर उत्तर: ‘आम्ही चित्रं स्वीकारत नाही.’ मग कागदामुळे कुठला आकडा कुठे आहे ते कळल्यामुळे एलईडीची पट्टी पॅडला जवळजवळ चिकटवून धरली, अगदी तिरकी, खोलीतले दिवे बंद. पाचवा फोटो. हेच पहिल्या दिवशी करायचं होतं: उजेड समोरून नाही, कडेने. खडू घासला तर आणखी उठून दिसतं, हे नंतर एका जुन्या मेकॅनिकने सांगितलं.

हेड तपासली, त्यासाठी वरची झाकणं काढावी लागतात: दोन्ही 3927186, म्हणजे त्याच काळातली. कार्ब्युरेटरचा नंबर 7029ने सुरू होतो, तोही एकोणसत्तरचा. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग, मात्र दुसऱ्याच कुठल्या गाडीचा निघाला. ते मी फॉर्मवर स्वतःहून लिहिलं. त्याचा एकही फोटो कुणी मागितला नाही.