फ्रिजमागचा कोरडा ट्रे

मे महिन्यात एका सकाळी दूध गॅसवर ठेवलं आणि बघता बघता ते नासलं. आत्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं, "काल तापवायचं इसरलीस व्हय गं?" विसरले नव्हते. रात्री तापवून, निववून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. जाऊन फ्रिज उघडला, तर दोशाच्या पिठानं डब्याचं झाकण वर उचललेलं, कोथिंबीर मान टाकून पडलेली आणि पाण्याची बाटली हाताला कोमट. दिवा मात्र लख्ख.

दुधाचं जाऊ दे, मला धस्स झालं ते आत्यांच्या इन्सुलिनसाठी. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. ते तसंच उचलून शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं आणि "वरच्या खणात नको हं, गोठलं की वाया जातं" असं दोनदा बजावलं. पेठेत शेजाऱ्याच्या फ्रिजवर आपला निम्मा हक्क असतोच. त्यानंतर औषधवाल्याला फोन, त्यानंतर चहा. काळा.

आमचा फ्रिज 2011 सालचा, दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री. आधी घरच्या घरी जमेल तेवढं केलं. थर्मोस्टॅटचं बटण कुणी फिरवलं नव्हतं. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढली, चारी बाजूंनी घट्ट बसत होती. भिंतीपासून वीतभर पुढे ओढून मागची धूळ झाडली. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून पेला मधल्या फळीवर ठेवला. चार तासांनी 16 अंश. तिथं चारच्या आसपास असायला हवं.

वरच्या खणात मात्र बर्फाचा ट्रे कडक गोठलेला. हे मी बघितलं, पण त्याचा अर्थ काही लावला नाही.

ओळखीच्या दुकानातून एक मेकॅनिक आला. त्यानं मागं हात लावला, कॉम्प्रेसर गरम आहे म्हणाला, खालचं दार उघडून बंद केलं आणि निकाल दिला, "वहिनी, गॅस गेलाय. साडेतीन हजार. आत्ता नेतो, परवा आणून देतो." सगळं मिळून पाच मिनिटं. 3500 रुपये देण्याचं मला इतकं वाईट वाटत नव्हतं, पण वरचं दार त्यानं उघडलंसुद्धा नव्हतं. "हे आले की कळवते" म्हणून वेळ मारून नेली. हे पुण्याला होते आणि फ्रिजमधलं त्यांना माझ्याइतकंच कळतं, ही गोष्ट वेगळी.

माझा मामेभाऊ उद्यमनगरात मोटारी रिवाइंडिंग करतो. फ्रिज त्याचं काम नाही, पण फोनवर त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "वर बर्फ हुतोय न्हवं?"

"होतोय की."

"मग गॅस कुठं गेला? गॅस गेल्यावर बर्फ कोण करतंय, तू?"

मग त्यानं समजावलं. असल्या फ्रिजमध्ये थंडावा एकाच ठिकाणी तयार होतो, वरच्या खणाच्या मागच्या पत्र्याआड असलेल्या कॉइलवर. तिथला पंखा ती हवा वर फिरवतो आणि एका पोकळीतून खाली ढकलतो. वर गार आणि खाली कोमट, म्हणजे थंडी तयार होतेय पण खाली पोचत नाही. पंखा तरी बंद असणार, नाहीतर कॉइल बर्फानं बुजलेली. "आवाज बिवाज येत हुता काय?" आला होता की! पंधरा दिवसांपूर्वी दोन रात्री वरून खर्रर्र असं काहीतरी चाललं होतं, मग आपोआप थांबलं. आवाज गेला म्हणून मी खूश. खरं तर पंख्याची पाती बर्फाला घासत होती आणि नंतर पंखाच अडकून बसला.

"आणि मागच्या ट्रेमध्ये पानी साठतंय काय?"

इथं मी ओशाळले. महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या मुली डेंग्यूच्या अळ्या शोधायला घरोघर येतात तेव्हा फ्रिजमागचा ट्रे हटकून बघतात. मागच्या खेपेला आमचा ट्रे ठणठणीत कोरडा बघून "असंच ठेवत जावा" म्हणून त्यांनी माझं कौतुक केलं होतं. मीही ते ऐटीत मिरवलं. पण त्या ट्रेमध्ये पाणी यायला हवं! दिवसातून दोनतीनदा टायमर कॉम्प्रेसर थांबवतो, कॉइलखालचा हीटर पेटतो, बर्फ वितळतं आणि पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं. कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं ते बरंचसं उडून जातं, पण वळवाच्या दमट हवेत थोडं तरी राहायला हवं. ट्रे कोरडा, म्हणजे बर्फ वितळतच नाही.

त्यानं सांगितलं, प्लग काढ, दोन्ही दारं सताड उघडी टाक आणि अख्खा दिवस हात लावू नकोस. "सुरीनं बर्फ खरवडायला जाऊ नकोस. ॲल्युमिनियमची नळी असत्या. फुटली की गॅस खरंच जाईल." सुरी माझ्या हातात होती हे त्याला कसं कळलं कुणास ठाऊक.

चोवीस तास घरातली सगळी जुनी धोतरं फ्रिजखाली. सकाळ-संध्याकाळ गंगावेशीतल्या कट्ट्यावरून म्हशीचं दूध आणून लगेच तापवायचं. रविवारचं मटण सकाळी आणून दुपारीच संपवलं, त्याबद्दल कुणाची तक्रार आली नाही. दुसऱ्या दिवशी प्लग लावला आणि संध्याकाळपर्यंत खालचं थर्मामीटर 5 वर. आत्या म्हणाल्या, "झालं की बरं. उगंच खर्च." आठ दिवस बरं चाललं. नवव्या दिवशी पुन्हा 13. मधल्या काळात ट्रेमध्ये थेंब नाही.

आता दुरुस्ती कशाची करायची ते तरी ठरलं. मामेभाऊ रविवारी मल्टिमीटर घेऊन आला. प्लग काढून त्यानं वरच्या खणाचा मागचा पत्रा सोडवला. मागं कॉइल दिसतच नव्हती, नुसती बर्फाची लादी. ती वितळेपर्यंत भडंग आणि गप्पा. मग हीटर मोजला, साधारण 340 ओहम, म्हणजे ठीक. टायमरचा खाचेचा खुंटा स्क्रू ड्रायव्हरनं फिरवला, टक्कन आवाज आला, तोही ठीक. राहिला बायमेटल, कॉइलला चिमट्यानं लावलेली बटणाएवढी चकती. मीटरवर काहीच येईना.

"गेला!" मी म्हणाले.

"थांब की. ह्यो गार असतानाच जोडतोय." बर्फ साचलेलं असेल तरच हीटरला वीज मिळावी, कॉइल गरम झाली की तुटावी, यासाठीच ती चकती असते. घरातल्या उन्हाळ्यात ती तुटलेलीच दिसणार. चांगली चकतीसुद्धा अशी फेकून देणारे पुष्कळ असतात म्हणे. तपासायची तर शून्याच्या बरंच खाली न्यायला हवी आणि नुसता बर्फ शून्याखाली नेत नाही. तेव्हा आत्या पहिल्यांदा बोलल्या, "मीठ घाल की. पॉटचं आइस्क्रीम कसं करतुया?" वहिनींकडून बर्फ आणला, त्यात मूठभर खडेमीठ घातलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून चकती त्यात पुरली. पंधरा मिनिटांनी मीटर लावला. तरीही काही नाही. आता मात्र गेलेलीच.

नवी चकती 260 रुपयांना मिळाली. ती बसवून, सगळं पुन्हा गोठेपर्यंत वाट बघून त्यानं रात्री टायमर हातानं फिरवला. कॉम्प्रेसर थांबला. दोन मिनिटं शांतता, मग आतून चुर्र आवाज. हीटरवर थेंब पडत होते. मजुरी विचारली तर म्हणाला, "पुढच्या रविवारी तांबडा-पांढरा कर."

जूनमध्ये आरोग्य खात्याच्या मुली पुन्हा आल्या. बॅटरी मारून फ्रिजमागं बघितलं आणि एक जण कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काकू, मागच्या वेळी किती छान कोरडा होता. आता हे पाणी काय?"

मी ट्रे काढून मोरीत ओतला आणि त्यांना चहा विचारला. दुधाचा.