तुम्ही विचारलंत म्हणून: तापलेली धाव लाकूड जाळत नाही का?

धाव म्हणजे बैलगाडीच्या चाकाभोवती बसणारी लोखंडी कडी. ती चढवताना जो कुणी पाहतो, तो हमखास हेच विचारतो. जळतं की! ज्वाळाही उठतात, पाणी ओतून त्या विझवतो. पण चाकाची काळजी आम्हा लोहारांनी त्याआधीच, माप घेताना केलेली असते.

चाक बाभळीचं. तुंब्यात, म्हणजे मधल्या गाभ्यात, आरे, आऱ्यांवर पुठ्ठे, म्हणजे घेराचे वाकडे लाकडी तुकडे, सगळं सुताराने नुसतं ठोकून जुळवलेलं. त्याला आवळून धरायचं ते धावेने. मी पुठ्ठ्यावर खडूची खूण करतो आणि सरळ पट्टीवर चाक एक फेरा लोळवतो. ५ फुटी चाकाचा घेर पावणेसोळा फुटांच्या आसपास भरतो. धाव त्याहून पाऊण इंच कमी ठेवायची. लाल झाली की ती दीडेक इंच वाढते, म्हणून चढते. निवताना तेवढं सगळं परत मागते.

एकदा मी सव्वा इंच कमी धरलं. धाव चढली, पण पाणी पडताच आरे वाकले आणि एक तुंब्याशी चिरला. गाडीवाला काही बोलला नाही, चाकाकडे बघत राहिला. त्याची ती नजर अजून विसरलो नाही. तेव्हापासून माप दोनदा घेतो.

हे काम चैत्र-वैशाखातलं. लाकूड तेव्हा पुरतं वाळलेलं असतं, पुढे पावसात फुगून धावेत घट्ट बसतं. ओल्या चाकावर चढवलेली धाव पुढच्या उन्हाळ्यात खडखडते. मग लोक पाचरी मारतात, चाक ओढ्यात भिजत घालतात. चार दिवस निभतं. शेवटी धाव तोडून, तुकडा काढून, पुन्हा सांधावी लागतेच.

चढवायच्या दिवशी धाव दगडांवर ठेवून खाली-वर गोवऱ्या रचतो. लाल झाली की तिघे सांडशींनी उचलतो, आडव्या चाकावर टाकतो. एका बाजूने पहारीने ओढायची, दुसरीकडून घणाने बसवायची. धुराने डोळे उघडत नाहीत. "पाणी!" म्हटलं की घरची माणसं घागरी ओततात. चर्र आवाज विरला की मी सगळ्यांना गप्प करतो, कारण आता सांधे मिटायला लागतात. कट. थांबून परत कट.

निवल्यावर एकेक आरा हातोडीने वाजवून बघतो. घट्ट बसलेला ठणठणतो, सैल असेल तो बद्द बोलतो.