टोकियोतलं कपाट आणि सोलापूरची चादर

व्हिडिओ कॉल लागला की सोलापूरच्या वहिनींचा पहिला प्रश्न ठरलेला, "अगं, तुझ्या घरात सामान हाय का नाही गं? काहीच दिसंना की!"

सामान आहे, आणि भरपूर आहे. आम्ही टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाई भागात राहतो. इथं भारतीय कुटुंबं पुष्कळ. कुकर, मिक्सर, पोळपाट, मसाल्यांचे डबे आणि कुणी ना कुणी आणलेली शेंगादाण्याची चटणी हे घरोघरी असतंच. घर मात्र एवढंसं. त्यामुळं दाखवायचं काय आणि झाकायचं काय, हे आधी ठरवावं लागतं.

झाकण्याची सगळ्यात जुनी जागा म्हणजे ओशिइरे. जपानी पद्धतीच्या खोलीत भिंतीतच केलेलं कपाट, जवळजवळ तीन फूट खोल, मध्ये एक जाड फळी आणि पुढं सरकती दारं. रात्री जमिनीवर गाद्या पसरायच्या, सकाळी घडी घालून आत सारायच्या, की झोपायची खोली बसायची झाली. आपल्याकडं वळकट्या करून ट्रंकेवर रचतात, तेच हे. फक्त पुढून दार ओढलं की पाहुण्याला काही दिसत नाही. गाद्यांखाली लाकडी पट्ट्यांची जाळी टाकतात, सुनोको तिचं नाव. जूनमध्ये इथं पाऊस लागतो आणि दमट हवेत गादीला बुरशी धरते, म्हणून खालून वारा खेळता ठेवायचा. सोलापूरच्या हवेत गादीसाठी ती लागणार नाही, पण धान्याच्या कोठीखाली टाकायला फार चांगली. सुतार उरलेल्या पट्ट्यांतून करून देईल.

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायची चोरी. घर सोडताना घरमालक डिपॉझिटमधून पैसे कापतो. यावर इथं सगळ्यांकडं एकच उपाय, आत स्प्रिंग असलेली दांडी. दोन भिंतींच्या मध्ये ताणून बसवायची, ना खिळा ना भोक. शंभर येनच्या दुकानात मिळते, कर धरून ११० येनला. माझ्याकडं सिंकखाली एक आहे, तिच्यावर फवाऱ्याच्या बाटल्या मानेनं लटकतात आणि खालची जागा बादलीला मोकळी राहते. दुसरी आडवी दांडी फळ्यांच्या पुढं लावून पडदा सोडला आहे. पडदा कसला, तर आपली सोलापुरी चादरच, जुनी, मधोमध विरलेली. विरलेला भाग कापून दोन पट्टे केले आणि वरून शिवण मारून दांडी ओवली. येणारी प्रत्येक जपानी बाई आधी त्या कापडाला हात लावून बघते. २००५ च्या सुमारास या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं हे मी त्यांना ऐटीत सांगते. आपल्याकडं तीच चादर गाडीच्या सीटवर पडलेली असते, ते सांगत नाही.

बाकी कापड ही इथल्या लोकांची मोठी सोय. फुरोशिकी म्हणजे साधं चौकोनी कापड, त्यात डब्यापासून अंथरुणापर्यंत काहीही बांधतात. २००६ साली तेव्हाच्या पर्यावरण मंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिकच्या पिशव्यांना पर्याय म्हणून त्याचा मुद्दाम प्रचार केला होता. त्याच बाई पुढं टोकियोच्या गव्हर्नर झाल्या. हिवाळ्याची रजई एका रंगाच्या कापडात, पाहुण्यांच्या उशा दुसऱ्यात, अशी गाठोडी फळीवर ओळीनं ठेवली की प्लास्टिकच्या खोक्यांपेक्षा कितीतरी देखणी दिसतात. आपल्या आज्या गाठोडी बांधायच्याच, पण जे सापडेल त्या फडक्यात. इथं रंग ठरवून बांधतात आणि गाठ पुढून येते, तेवढ्यानं फळी सजवल्यासारखी वाटते. सोलापुरी चादरीची गाठ मात्र बसत नाही, कापड जाड. जुनी सुती साडी घ्या.

जड सामान खाली, हा नियम इथं भूकंपामुळं आला. उंच कपाट आणि छत यांच्यामध्येसुद्धा टेकू लावतात. तवे आणि कढया एकावर एक न रचता फायलींच्या उभ्या खोक्यात ठेवतात, खालचा काढायला वरचे चार उचलावे लागत नाहीत. टॉवेलची घडी दुमडलेली बाजू पुढं करून ठेवायची, कडा मागं. एवढं आजच करून बघा, खर्च शून्य.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. सगळी खोकी पांढरी, सगळ्या बरण्या एकसारख्या, डाळ-तांदूळ मोजून दोन वाट्या. इथं ते चालतं, कारण खाली उतरलं की रात्रंदिवस उघडं असलेलं दुकान आहे. शिवाय मोठं सामान टाकायचं तर आधी नोंदणी करून पैसे भरून चिठ्ठी चिकटवावी लागते, म्हणून लोक घेतानाच हात आखडता घेतात. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणजे पिंपं आलीच. मंगळवेढ्याची ज्वारी वर्षाची भरायची, म्हणजे कोठी आली. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे, म्हणजे जादा अंथरुणं आली. हे सामान काढून टाका म्हणणाऱ्याला सोलापुरात घर चालवायला लावावं! त्यापेक्षा पिंपं आणि कोठी एकाच भिंतीला लावा, उंची सारखी असेल अशी बघा, आणि पुढून एकच पडदा सोडा. पितळेचे डबे असतील तर ते मात्र झाकू नका. चिंच लावून घासून उघड्या फळीवर मांडा, दर दिवशी लागणारं पुढं, सणाचं मागं.

वहिनींनी परवा विचारलं, ती स्प्रिंगची दांडी पाठवशील का. मी नको म्हटलं. आख्ख्या चादरीचं वजन तिला झेपत नाही, आणि चुन्याच्या भिंतीवर तिची पकडही सुटते. तिथं घर तुमचं स्वतःचं आहे, दादाला म्हणावं ड्रिल काढ आणि लोखंडी दांडी ठोक भिंतीत.